झिलाचं शेपूट

“ती चिडत नाहीये गं, घाबरलीये. एकदा नीट विचार तिला,” मावशी ताईला धाकट्या बहिणीबद्दल म्हणाली होती. ताईने ते हसण्यावारी नेलं. वर घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘मावशी फितूर. ब्राइडझिलाला जाऊन मिळाली.’

हे झिलाचं शेपूट घरात आणलं ताईनेच. सिनेमात इमारती तुडवत येणाऱ्या त्या अजस्र प्राण्याच्या नावाचा मागचा तुकडा तोडून ती कुणालाही चिकटवायची. बाबा घोरझिला. तिचं दात येणारं बाळ रडझिला. तोवर ते लाडाचं होतं. मग धाकटीचं लग्न ठरलं. धाकटीने हॉल नाकारला, दुसरा मिळेपर्यंत तारीख पुढे गेली. छापलेल्या पत्रिका नाकारल्या, पुन्हा पुढे गेली. आताशा तिने तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, “आली ब्राइडझिला,” आणि सगळे हसून आपापल्या कामाला लागायचे.

आज शिवणवाल्या काकूंच्या दुकानात ताई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. जागरणाने डोळे चुरचुरत होते. धाकटी लग्नाचा पोशाख घालून आरशासमोर.

“बसला बाई एकदाचा अंगाला,” काकू तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाल्या. “घेऊनच जा आता.”

“बाह्या उसवा,” धाकटी म्हणाली.

“परत? मग तारखेपर्यंत व्हायचा नाही हो.”

ताई तिच्यावर डाफरणारच होती, पण तिची नजर आरशात गेली. ‘व्हायचा नाही’ ऐकताच धाकटीचे खांदे सैल पडले. रडून रडून पोर झोपलं की आईचे पडतात, तसे.

हॉल. पत्रिका. बाह्या. हिला वेगळं काहीच नको होतं. हिला नुसते दिवस हवे होते.

“तुला हे लग्न करायचंय का गं?”

धाकटी बाहीवरची टाचणी चाचपत राहिली. “त्याच्यासमोर माझा आवाजच फुटत नाही, ताई. तो नुसता रोखून बघतो आणि मी गप्प होते. मग घरी येऊन तुमच्यावर ओरडते.”

“आधी सांगायचंस ना.”

“सांगितलं होतं. ठरलं त्याच दिवशी, स्वयंपाकघरात. हळू सांगितलं. तू हसलीस.”

ताईने काकूंना कपडा ठेवून द्यायला सांगितलं आणि बाबांना फोन लावला.

“आता काय काढलं ब्राइडझिलाने?” बाबा थकून म्हणाले.

“हॉल रद्द करा, बाबा. आम्ही येतोय. ती सांगेल ते ऐकून घ्या. आणि ती बोलताना कुणी हसू नका.”

तुमच्याही घरात अशी कुणी असेल, जिच्या आरडाओरड्याची सगळे मजा घेतात. आज तिला एकटीला गाठा. ओरडायला लागण्याआधी ती हळू आवाजात काय म्हणाली होती, तेवढं विचारून या.