निळी गाडी

माणसाची आठवण जशीच्या तशी भिंतीवर दाखवणाऱ्या स्मृतिपटाच्या शोधामुळे मानवजातीला यापुढे खोटं बोलता येणार नाही, असं थोर शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं. मानवजातीचं ठाऊक नाही, निरंजन खांबेटे मात्र रविवारी दुपारी चार वाजता सापडले.

धाकट्या बहिणीच्या, तृप्तीच्या, साठीला त्यांनी आपली एक आठवण भेट दिली होती: मे महिन्याची सुट्टी, टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम आणि मोटारींची शर्यत. वायरचं ते पार विसरले होते.

आठवण भिंतीवर सुरू झाली. "निळी गाडी माझी बरं का! दादाला रोज हरवायचे," तृप्ती नातीला सांगत होती.

तेवढ्यात आठवणीतली नजर खाली वळली. सहा वर्षांची तृप्ती जीभ बाहेर काढून रिमोटची बटणं दाबत होती. त्या रिमोटच्या वायरची पिन चटईवर मोकळीच पडली होती. निळी गाडी यंत्रच चालवत होतं.

"आजी, तुझी पिन!" नात ओरडली.

खांबेट्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू फार रडायचीस गं, मलाही घे म्हणून..."

"चोपन्न वर्षं मी लोकांना सांगतेय, दादा."

"हो ना. मीही मान डोलवत आलो."

तृप्ती पदर खोचून उठली. मग म्हणाली, "तो गेम अजून माळ्यावर आहे ना? खाली काढ. पिन मी लावते."