आधी फोन येऊ दे

"मॅडम, कार्ड जावेचं बघून निवडू नका. घरी जा, आपले पैसे कशाकशावर जातात ते आठवा, मग या."

बँकेतल्या नर्मीनने असं सांगितलं तेव्हा इनासला तिचा रागच आला होता. स्वतःच्या पगारावर मिळणारं ते साधं हिरवं कार्ड, किराणा आणि औषधांवर थोडेफार पैसे परत देणारं, ते काय मिरवायचं? तिला हवं होतं सोनेरी. नवऱ्याच्या खात्यावरचं, बायकोच्या नावाने निघणारं. जावेकडे, शाहिनाझकडे होतं ना, अगदी तसं.

आज त्याचा अर्ज नवऱ्याची सही होऊन तिच्या पर्समध्ये होता. ईदची खरेदी उरकली की मॉलच्या तळमजल्यावर बँकेच्या टेबलाशी नेऊन द्यायचा, एवढंच बाकी.

कपड्यांच्या दुकानात शाहिनाझने ते कार्ड दोन बोटांत धरून पुढे केलं, सिगारेट धरावी तसं. इनासच्या एका हातात बाळाची, यासीनची बाबागाडी, दुसऱ्यात पिशव्या. असले मोकळे हात आपल्याला कधी मिळणार, असं तिला वाटून गेलं.

मशीन वाजलं. विक्रेतीने निळ्या ड्रेसची घडी घातली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पिशवीत घाल ना गं, मूल कंटाळलंय," इनास म्हणाली.

"घालते, मॅडम. आधी साहेबांचा फोन येऊन जाऊ दे. मागे दोनदा विकलेलं परत घ्यावं लागलं."

शाहिनाझ जरा जास्तच मोठ्याने हसली. तेवढ्यात फोन आलाच. "हो हबीबी. निळा. नाही, गळा बंद आहे. थांब, फोटो पाठवते." तिने फोटो पाठवला, स्क्रीनकडे बघत राहिली, मग मान हलवली. ड्रेस पिशवीत गेला.

इनासला तिचा हेवाच वाटला. गळ्यापर्यंत विचारतो! तिच्या नवऱ्याने, एसामने, अख्ख्या रमजानमध्ये दिवसा एकदाच फोन केला होता, फ्यूजची तार कुठे ठेवलीस ते विचारायला. म्हणायला तो आणि शाहिनाझचा नवरा वगदी सख्खे भाऊ.

"काय गं, दृष्ट लावतेस का?" शाहिनाझने चिमटा काढला.

"माझी कुठली दृष्ट लागायला! डायपर बदलून मळलेली. तुझी मजा आहे बाई, काही घेतलं की लगेच विचारपूस."

"मग घे की तूही. अर्ज आणलायस ना?" शाहिनाझ म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

औषधांच्या दुकानात इनासने डायपर घेतले, तापाचं औषध घेतलं. पैसे देताना शाहिनाझ अगदी खेटून उभी राहिली आणि डायपरच्या पाकिटाखाली एक चपटं खोकं सरकवलं.

"हे तुझ्यात घे. नंतर देते तुला पैसे." मग जरा थांबून, "नाही, नंतर तरी कुठून देणार? असंच घे."

इनासने खोकं उलटून बघितलं. गरोदर आहे की नाही ते घरीच बघायची चाचणी.

"अगं, ही तर गोड बातमी! आणि कार्डाला काय झालं तुझ्या?"

"कार्डावर घेतलं की वगदीला मेसेज. मेसेज गेला की फोन, औषधांच्या दुकानात काय घेतलंस? मला खोटं बोलता येत नाही. मागच्या खेपेला मी घरी पोचायच्या आत सासूबाईंनी जिन्यातल्या घराघरांत सरबत वाटलं होतं. तूही प्यायलीस. आणि नव्हतंच काही." तिने इनासचं मनगट धरलं. "एवढं एक तरी मला त्याच्या आधी कळू दे."

इनासने नोटा काढल्या. चुरगळलेल्या, बाळाच्या बिस्किटांचा चुरा लागलेल्या, पण तिच्या.

दुकानाबाहेर पडतात तोच शाहिनाझचा फोन पुन्हा वाजला. आता तर तिने काहीच घेतलं नव्हतं.

"नाही रे, काही नाही घेतलं. हो, म्हणूनच मेसेज नाही आला. कुठे म्हणजे? इथेच आहे." आणि तिने फोन इनासच्या कानाला लावला. "सांग ना गं त्याला, मी इथेच आहे म्हणून."

"इथेच आहे ती," इनास म्हणाली. "माझ्याबरोबर."

पर्समधला तिचा स्वतःचा फोन मुकाट पडून होता. इतकी वर्षं त्याच्या त्या मुकेपणावर ती रुसत आली होती.

खाली बँकेच्या टेबलाशी नर्मीनने हात पुढे केला. "अर्ज?"

शाहिनाझ दुसरीकडे बघत होती.

"हिरवं द्या," इनास म्हणाली. "किराण्याचं."

"मेसेज कुठल्या नंबरवर जाऊ देत?"

इनासने आपला नंबर सांगितला, जरा मोठ्यानेच. शाहिनाझने तिच्याकडे वळून बघितलं. तशी नजर इनास चांगली ओळखत होती. आजवर ती तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असायची.

घरी पोचल्यावर इनास दुसऱ्या मजल्यावर थांबली. शाहिनाझ ते खोकं ड्रेसच्या घडीत लपवून चौथ्यावर गेली.

तुमच्याही जिन्यात वरच्या मजल्यावर अशी कुणी असेल, जिचा हेवा करण्यात तुमचे दिवस गेले. तिला एकदा बघून या. फोन मात्र करू नका. पायऱ्या चढून जा.