कुत्रीची बंडी

"तुम्ही लोकांनी हिला पिंजऱ्यात सडवलंय आणि वर तयारी माझी तपासताय!"

प्राण्यांच्या निवाऱ्याच्या ऑफिसात टेलरबाई तिसऱ्यांदा आली होती. टेबलापलीकडच्या साहेबाने मान वर केली नाही. पुढ्यात कुत्री दत्तक घेण्यासाठीचा तिचा अकरा पानी अर्ज.

"शिवणकाम घरातच करता. सुया, टाचण्या जनावराच्या पोटात गेल्या तर?"

"तीन पोरं त्याच मशीनखाली रांगली. तिन्ही धडधाकट आहेत. फोन करत नाहीत, तो भाग वेगळा."

"वय एकसष्ट. तुमच्यानंतर हिला कोण बघणार?"

"ती बारा वर्षांची म्हातारी. आमच्यात आधी कोण जाणार, ते आम्ही दोघी बघून घेऊ."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "चिडू नका, बाई. मनाची तयारी झालीय का, एवढंच बघतो आम्ही. पुढच्या महिन्यात या."

तयारी! सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळली, तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. थेट हातात बेडपॅन दिलं होतं.

ती उठली. बाहेर सफाईवाली त्या तांबड्या कुत्रीला साखळीने धरून उभी होती. बाईला बघून कुत्रीने शेपूट हलवलं, पण बसल्या जागेवरूनच. बाईने पिशवीतून बंडी काढली. गेल्या खेपेला माप घेऊन थंडीसाठी शिवलेली, आतून फलालीन. कुत्रीच्या अंगात घातली, बटणं लावली. बंडी घसरून पोटाखाली लोंबायला लागली.

"ढगळ झाली की हो," सफाईवाली हसली. "वाढत्या अंगाची शिवलीत काय?"

बाईचा चेहरा पडला. तीस वर्षांत एक ब्लाऊज परत आला नव्हता. तिने पिशवीतली मापाची वही उघडली, गळ्यातला टेप कुत्रीच्या छातीभोवती गुंडाळला. मग पुन्हा एकदा गुंडाळला. सफाईवालीचं हसू विरलं. ती इकडेतिकडे बघायला लागली.

बाई साखळी धरून कुत्रीसकट आत गेली आणि वही साहेबाच्या टेबलावर आपटली.

"माझं माप चुकत नाही. महिन्यापूर्वी छाती चोवीस, आज साडेएकवीस."

"बाई, कुत्रीला आत आणायला परवानगी..."

"अकरा पानं मी भरली, साहेब. तुम्ही एकच ओळ भरा. तुमच्याकडे असताना ही अडीच इंच कुत्री गेली कुठं?"