पंतांसाठी दिलेला शब्द

डॉक्टर वल्लरी तीन मजले चढून दारात आल्या आणि केदारने दार अडवलं.

"नको डॉक्टर. आज राहू द्या."

"परवाही तुम्ही हेच म्हणालात," त्या म्हणाल्या आणि बॅग खाली ठेवली. नारायण पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत एका आठवड्यात दोनदा तिसऱ्या मजल्यावर चढलेलं माणूस असं लगेच उतरत नाही.

आत बाल्कनीतल्या उन्हात पंत पडले होते. पंत म्हणजे चौदा वर्षांचा कुत्रा. रस्त्यावरचंच पिल्लू, पण केदारचे वडील यज्ञेश्वरराव यांनी पहिल्या दिवसापासून त्याला अहो-जाहो केलं. "पंत, जेवून घ्या." "पंत, कुरिअरवाल्याला वर येऊ द्या." घरात त्यांना एकेरीत हाक मारायची कुणाची टाप नव्हती. यज्ञेश्वरराव जाऊन तीन वर्षं झाली, तरी पंतांचा मान तसाच राहिला. आता त्यांचे मागचे पाय गेले होते. मूत्रपिंडं निकामी झाली होती, घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. कण्हणं तेवढं चालू होतं.

निरोपाची सगळी तयारी केदारनेच केली होती. बाबांचं जुनं धोतर धुऊन पंतांखाली अंथरलं होतं. बायकोला, हेमाला, तुपातला मलिदा करायला सांगितला होता. पंतांनी तिच्या बोटावरचं तूप तेवढं चाटलं. खडकवासल्याकडे एका मित्राच्या शेतात आंब्याखाली जागाही ठरली होती. आईला यातलं काही कळू नये म्हणून या खेपेला वेळ निवडली ती शनिवारी अकराची, तिच्या भजनी मंडळाची. पण आई आज गेलीच नाही. चपला घालून दारापर्यंत आली, "गुडघा धरलाय" म्हणाली आणि परत फिरून आतल्या खोलीत बसली.

खरं तर आई गेली असती तरी केदारचा धीर झाला नसता. त्याचा पाय अडकला होता तो तीन वर्षांपूर्वीच्या एका शब्दात.

यज्ञेश्वररावांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली की असं होतं म्हणतात. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि शब्द द्यायचा. केदारने एकामागून एक दिले. आईला अंतर देणार नाही. बहिणीचं माहेर तोडणार नाही. घर विकणार नाही. पिंपळावर आठ-दहा कावळे बसून सगळं ऐकून घेत होते, हलत मात्र नव्हते. पाऊण तास गेला. गुरुजींचं पुढचं काम खोळंबलं होतं. "दर्भाचा कावळा करून टाकू," ते म्हणाले. तेव्हा केदार रडवेला होऊन बोलला, "बाबा, पंतांना शेवटच्या श्वासापर्यंत जपेन. मी होऊन त्यांना जाऊ देणार नाही." आणि एक कावळा उतरला.

केदार इंजिनिअर माणूस. असल्या गोष्टींवर विश्वास आहे का विचारलं, तर तो हसून नाही म्हणेल. पण बाबा जाताना एक अक्षर बोलले नव्हते, आणि नंतर त्यांनी उत्तर दिलं ते एवढं एकच. ते कसं मोडायचं?

"औषधाने काही दिवस आराम पडेल असं काही नाही का?" त्याने विचारलं.

"ते सगळं देऊन झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "अजून चार-पाच दिवस काढतील. कसे काढतील, ते तुम्ही रोज बघताच आहात."

हेमा आतून हात पुसत आली. गेले दहा दिवस ती पंतांचं अंग पुसत होती, कूस बदलत होती. "केदार, शब्द तू दिलास आणि भोगतायत पंत," ती म्हणाली.

केदारचा आवाज चढला. "मग काय करू? बाबांच्या वेळी हात टेकले का आपण? आशा नाही म्हणाले होते, तरी एकतीस दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. करता येईल ते सगळं केलं. आणि पंतांना एका सुईत मोकळं करायचं?"

बाल्कनीतून पंतांचा आवाज आला. केदारला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि दारातून हलताही येत नव्हतं.

आई भिंतीला धरून बाहेर आली. कुणाकडे न बघता बाल्कनीत गेली आणि पंतांजवळ जमिनीवर बसली. पंत सलाइनची सुई दातांनी उपटून काढत, म्हणून केदारने सकाळी त्यांचा पुढचा पाय पट्टीने गजाला बांधला होता. आई ती गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती, तिला वेळ लागला.

"आई, मी शब्द दिलाय," केदार म्हणाला. "तू होतीस तिथे. कावळा शिवला होता."

"तुझ्या शब्दाला नव्हता शिवला." आईने सुटलेला पाय मांडीवर घेतला. "मी मागे खुर्चीत बसले होते. तू पंतांचं बोललास, तेव्हाच मीही मनात बोलले. म्हटलं, अहो, एकतीस दिवस तुमचे हात कॉटला बांधून ठेवले, तसे आपल्या घरात पुन्हा कुणाचे बांधू देणार नाही. तेव्हा उतरला तो."