दुसरा भाग

कादंबरीचा पहिला भाग संपला, तेव्हा चेटकीण राजकन्येच्या दाराबाहेर उभी राहून तिच्या बापाच्या आवाजात हाका मारत होती. नवापूरच्या बाया बोंबील वाळत घालता घालता हिराकडून ती गोष्ट ऐकायच्या, आणि तेव्हापासून रोज विचारायच्या, "हिरे, पोरीनं दार उगडलं का नाय?" हिराला तरी कुठं ठाऊक होतं? दुसरा भाग आज बोईसर स्टेशनच्या स्टॉलवर येणार होता. "घेतल्याबिगर परतत नाय," असं सांगून तिचा बाप दादू सकाळीच ओहोटीत खाडी ओलांडून गेला.

तिन्हीसांज झाली, खाडीत भरती चढू लागली, तरी त्याचा पत्ता नव्हता. हिरा घरात एकटीच होती. तोच पाण्याच्या बाजूनं हाक आली, "हिरे, होडी आण गो." आवाज हुबेहूब बापाचा. ती उठली, पण हात कडीवरच थिजला. तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही, हे कोळीवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. माणूस दोनदा हाक मारतं, भूत एकदाच. ती दाराला कान लावून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. ती आलीच नाही. "वाचले," म्हणत तिनं दाराला अडसर घातला.



रात्रीच्या भरतीनं आणून टाकलेला दादूचा देह सकाळी किनाऱ्यावर सापडला. पोहताना भिजू नये म्हणून त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोक्याला बांधलेला दुसरा भाग मात्र पुरता कोरडा होता.