मुदतवाढीची सभा

पेटीचं झाकण उघडलं तेव्हा कुंदाला वाटलं, घराचा ताबा मिळाला. चाळ पाडून नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने भाडं देण्याऐवजी सगळ्या चाळीला गारठवून निजवलं होतं. जाग येईल ती थेट नव्या घरात, असा त्याचा शब्द होता. ती धडपडत उठून बसली. समोर बिल्डरचा माणूस, पोंक्षे, हसत उभा होता.

"काकू, मुदतवाढीची सभा आहे. हात वर करा आणि पुन्हा झोपा."

"आणि इमारत?"

"खालचा मॉल कधीच सुरू झाला. थिएटरही जोरात चालतंय. वरची तुमची घरं तेवढी राहिलीत."

त्याच्यामागे एक पांढऱ्या केसांची बाई काठी टेकून उभी होती.

"आई," ती म्हणाली.

कॉलेज बुडेल म्हणून झोपायला नकार देणारी कुंदाची केतकी! आईची वाट बघत तिने भाड्याच्या खोल्यांत जन्म काढला होता.

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चिडता कशाला?" पोंक्षे म्हणाला. "तुमचं वय एका दिवसानेही वाढलेलं नाही. तुमचं काय नुकसान झालं?"

कुंदाने हात वर केलाच नाही. ती पेटीतून उतरली. तिने केतकीला धरून आत निजवलं आणि लहानपणी करायची तसं तिचं पांघरूण सारखं केलं.

"आता तू झोप, बाळा. मी जागते."

मग पदर खोचून ती पोंक्षेकडे वळली.

"बरोबर बोललास. मी अजून चाळिशीचीच आहे. तुमच्याशी भांडायला अख्खा जन्म पडलाय. चल, कुठे आहे तुझी सभा?"