सुरुवात संथ आहे

मालिकेचा पहिला भाग लावण्याआधी मुलाने खिडकीचा पडदा ओढला आणि दारावरची बेल बंद करून ठेवली. आज समोरच्या घरातही हेच लागणार होतं. बहुधा सगळ्या गल्लीत.

वडील सोफ्यावर ताठ बसले. आत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. "मी बघणार नाही," असं तिने सकाळीच सांगितलं होतं. मुलीच्या खुनावर मालिका करायला वडिलांनी परवानगी दिली, तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. खुनी सापडला नव्हता. मालिका आली की पोलिसांना पुन्हा हलावं लागेल, असं वडिलांचं म्हणणं.

नावं येऊन गेली. मग एक घर दिसलं आणि त्या घरातली आत्या.

"ही मी?" खुर्चीतली आत्या म्हणाली. "एवढी आडवी? आणि गाऊन बघा कसला. फुकट दिला तरी घालणार नाही मी."

"आत्या, गप्प बस ना जरा."

"अरे, पण मी अशी खेकसते का कुणावर?"

वडिलांना हसू येत होतं, ते त्यांनी आवरलं.

टीव्हीतल्या घरात एक मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आई, माझी किल्ली कुठंय?"

"फ्रिजवर बघ," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

नळ बंद झाला. काही वेळाने आई दारात येऊन उभी राहिली. हाताला साबण तसाच होता. टीव्हीतल्या मुलीचं नाक वेगळं होतं, उंचीही जास्त होती. घाई मात्र तीच. ती बाहेर पडली, तिच्यामागे दार लागलं आणि मुलाने तिथेच थांबवलं. पुढे काय दाखवलंय ते त्याने आधीच पाहून घेतलं होतं.

"लोक काय म्हणतायत?" वडिलांनी विचारलं. त्यांना ते आईच्या देखत ऐकायचं होतं.

मुलाने फोन काढला. "चांगलं म्हणतायत, बाबा. एकीने लिहिलंय, आज झोप लागणार नाही. एक म्हणतो, घरमालकच खुनी, हवी तर पैज लावा. इन्स्पेक्टर झालाय तो नट सगळ्यांना आवडलाय."

"तपास पुन्हा सुरू करा, असं कुणी लिहिलंय?"

"अजून नाही. पहिलाच भाग आहे, बाबा."

"बघ की खाली."

मुलगा बोटाने खाली सरकत गेला. एक ओळ वाचायला तोंड उघडलं आणि थांबला.

"वाच," आई म्हणाली.

"सुरुवात फार संथ आहे. प्रेत सापडेपर्यंत काहीच घडत नाही. तेवढं पळवा आणि मग बघा." त्याने फोन पालथा ठेवला. "बऱ्याच जणांना पटलंय ते."

"जळलं मेलं लक्षण," आत्या पुटपुटली.

वडील खाली बघत राहिले. आईने हात पुसले, मुलाकडून रिमोट घेतला आणि सोफ्यावर वडिलांच्या शेजारी बसली. रिमोट त्यांच्या हातात दिला.

"अहो, काही घडत नाही म्हणतात ना, तेवढं परत लावा."

"कुठपर्यंत?"

"दार लागेपर्यंत."

मुलीने केस विंचरले. अर्धा चहा पिऊन कप खिडकीत ठेवून दिला. आत्याशी भांडली. खुर्चीतल्या आत्याने पाय खाली घेतले. दार लागलं. आईने नुसतं बघितलं आणि वडिलांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी दाराच्या बऱ्याच आधी बटण दाबलं. मुलीच्या एका पायात बूट होता. दुसरा शोधायला ती पलंगाखाली वाकली होती आणि 'आता उशीर होणार' असं नुकतंच म्हणून झालं होतं.

मुलाने विचारलं, "अडकलं का? पुढे करू?"

"नको," आई म्हणाली. "होऊ दे तिला उशीर."